आकाशाला गवसणी, गिटारला पेटी

वाद्य घरात आले की घराला एक नवा कंठ फुटतो. बालाघाट आणि त्याच्या आसपासच्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या भजनाची पेटी, तबला-डग्गा आणि क्वचित एखादा मिरजेचा तंबोरा नांदत आला आहे. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. पुढे राज्याच्या सीमा बदलल्या, परंतु घरातील बोली आणि कोपऱ्यातील वाद्ये राहिली. आता त्याच कोपऱ्यात इलेक्ट्रिक गिटार उभी दिसू लागली आहे आणि ती वाजविणारी मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-बंगळूरकडे विमानाने निघू लागली आहेत. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून २०२२ साली प्रवासी सेवा सुरू झाली; मध्ये तिला खंडही पडला. नागपूरचा विमानतळ तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा. तेव्हा हे वाद्य आकाशमार्गे सुखरूप कसे न्यावे, हा प्रश्न आता आपल्याही उंबऱ्यापर्यंत आला आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना हे वाद्य म्हणजे विजेचे खूळ वाटते, हे आम्ही जाणतो. परंतु वाद्याची निगा कशी राखावी, हे त्यांच्याइतके कोण जाणते? तंबोरा परगावी न्यायचा असला म्हणजे तारा उतरवायच्या, मणी सांभाळून ठेवायचे, भोपळ्याला धक्का लागणार नाही अशा बेताने गवसणी चढवायची आणि आगगाडीत तो स्वतःजवळ घेऊन बसायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मिरजेच्या ज्या शिकलगार कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, त्यांच्या हातची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्या वाद्यांना आपण जो मान देतो, तोच गिटारलाही दिला पाहिजे. कारण ज्याचे वाद्य मोडते, त्याला ते लाकूड मोडल्यासारखे वाटत नाही.

मोडते कोठे?

तंबोऱ्याचे मर्मस्थान भोपळा, तर इलेक्ट्रिक गिटारचे मर्मस्थान मान. तिचे धड बहुधा भरीव लाकडाचे असल्याने ते सहसा दगा देत नाही. मात्र सहा पोलादी तारा मिळून त्या मानेवर सुमारे पंचेचाळीस किलोंचा ताण सदैव देत असतात. पेटी पाठीवर आपटली की धड जागच्या जागी थांबते. परंतु टोकाचे शीर, जड खुंट्यांसह, आपल्याच वेगाने मागे झुकू पाहते. या दोन ओढींच्या कात्रीत मान सापडते. ‘गिब्सन’ घडणीच्या गिटारचे शीर मागे कललेले असते. त्यामुळे लाकडाचे तंतू तेथे आडवे तुटतात आणि नेमका तोच भाग प्रवासात मोडतो. ‘फेंडर’ घडणीचे शीर सरळ असून मान धडाला स्क्रूने जोडलेली असते. ती तुलनेने सोशिक होय.

यावरून उपाय आपोआप सुचतात. कापडी पिशवी खांद्यावर मिरविण्यास ठीक, परंतु सामान-कक्षात वाद्य द्यावयाचे तर कठीण पेटीच हवी. तारा एक-दोन स्वर खाली उतरवाव्यात. पार सैल करू नयेत, कारण मानेच्या पोटातील पोलादी सळई तारांचा ताण तोलण्यासाठीच बसविलेली असते. शिराच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंस मऊ कापडाच्या घड्या भराव्यात. जुन्या सुती लुगड्याइतके उत्तम कापड बाजारात मिळणार नाही. पेटी बंद करून हलके हलवावी. आत काही हलल्याची चाहूल लागली तर पुन्हा उघडून भरावी. पट्टा, वायर, पेडल यांपैकी काहीही वाद्याच्या अंगाशी मोकळे ठेवू नये.

प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, हेही ध्यानात असावे. वैशाख वणव्यात बंद मोटारीत ठेवलेली गिटार नागपूरला पोचेपर्यंत भाजून निघते आणि सरसाचे सांधे ढिले पडू शकतात. उलट थंड देशी उतरल्यावर पेटी लगेच उघडू नये; काही तास खोलीच्या हवेत तशीच राहू द्यावी, म्हणजे थंड धातूवर दव धरणार नाही.

हातात की सामान-कक्षात?

देशांतर्गत विमानात हातसामानाची मर्यादा साधारणतः सात किलोंची. गिटारचे स्वतःचे वजन तीन ते साडेचार किलो. कठीण पेटीसह ते सातच्या पुढे जाते. शिवाय लांबी सुमारे एक मीटर, म्हणजे हातसामानाच्या मापाबाहेर. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. काही कंपन्या वाद्यासाठी स्वतंत्र आसन विकत देतात. मौल्यवान वाद्याला तो खर्च अवाजवी नव्हे. छोट्या शहरांकडे उडणाऱ्या एटीआर जातीच्या विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यांत गिटार मावेल असे गृहीत धरू नये. अमेरिकेत मात्र २०१२च्या कायद्याने आणि २०१५पासून अमलात आलेल्या नियमांनी, चढतेवेळी जागा असल्यास गिटारसारखे वाद्य हाती नेण्याचा अधिकार प्रवाशाला दिला आहे. ज्यांची लेकरे तिकडे आहेत, त्यांनी हे त्यांना अवश्य कळवावे.

सामान-कक्षाविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. प्रवासी विमानात तेथील हवेचा दाबही आतल्या दालनाइतकाच राखलेला असतो. तेव्हा उंचीने वाद्य फुटते ही समजूत निराधार होय. वाद्य फुटते ते जमिनीवर, उचल-ठेव करताना. क्ष-किरण तपासणीनेही गिटारच्या चुंबकांना इजा होत नाही. पक्कड, तारा कापायची कात्री, स्क्रूड्रायव्हर ही हत्यारे मात्र नोंदवलेल्या सामानात ठेवावीत. आणि याच्या नेमके उलट, सुट्या लिथियम बॅटऱ्या व पॉवर बँक हातसामानातच न्याव्यात, कारण सामान-कक्षात त्यांना मनाई आहे.

कागदाचे कवच

एवढे करूनही अपघात होतो. मोठमोठ्यांना तो चुकलेला नाही. ग्वाल्हेरात जन्मलेले सरोदनवाज उस्ताद अमजद अली खाँ यांचा सरोद २०१४ साली लंडनहून दिल्लीला येताना गहाळ झाला होता; काही दिवसांनी तो सापडला, परंतु ते दिवस त्यांनी कसे काढले असतील, हे वादकालाच कळावे. कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ साली शिकागो येथे सामान हाताळताना मोडली. दुरुस्तीला सुमारे बाराशे डॉलर लागले. तक्रार चोवीस तासांच्या आत आली नाही, या सबबीवर कंपनीने भरपाई नाकारली. त्यांनी २००९ साली त्यावर गाणे रचले आणि ते जगभर गाजले. आपल्या मुलांना असे गाणे रचण्याची वेळ येऊ नये, यासाठी कागद जपावेत.

निघण्यापूर्वी वाद्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. क्रमांक आणि खरेदीची पावती टिपून ठेवावी. नाव व दूरध्वनी क्रमांक पेटीच्या बाहेर तसाच आतही लिहावा. पेटी हाती येताच विमानतळावरच उघडून पाहावी आणि इजा दिसली तर तेथून हलण्यापूर्वी कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. त्या प्रवासाला लागू असलेला १९९९चा माँट्रियल करार भारताने २००९ साली स्वीकारला. त्यातील भरपाईची मर्यादा डिसेंबर २०२४पासून १,५१९ ‘एसडीआर’, म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर आहे. देशांतर्गत प्रवासात ती २०,००० रुपयांच्या घरात राहते. वाद्य याहून मोलाचे असेल तर आधीच मूल्य घोषित करावे अथवा विमा उतरवावा. सामान नोंदवताना ‘नाजूक वस्तू, जबाबदारी मर्यादित’ अशा अर्थाच्या चिठ्ठीवर सही मागतात. ती वाचल्यावाचून करू नये. परदेशी जाताना महाग वाद्य सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवून निर्यात-प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ते येथूनच नेले होते हे सिद्ध करता येते.

या साऱ्यातील मोठा भाग घरातच, निघण्याच्या आदल्या रात्री होण्यासारखा आहे. त्या रात्री मुलाला एकट्याला पेटी भरू देऊ नये. ज्या हातांना तंबोऱ्याची गवसणी बांधण्याची सवय आहे, त्या हातांनी गिटारच्या मानेखाली लुगड्याची घडी ठेवावी. तार किती उतरवायची ते मुलाने सांगावे, घडी कोठे हवी ते आजीने दाखवावे. वाद्य कोणत्या देशीचे, याची चर्चा त्या घटकेपुरती बाजूस राहिली तरी चालेल. मूल दूर जात आहे आणि त्याचा एकांत सोबतीने भरून काढणारी वस्तू धडधाकट पोचली पाहिजे, एवढे त्या रात्री दोघांनाही पुरेसे आहे.