प्रारंभीचे स्मार्टफोन आणि लिपीचा प्रश्न : मराठी व उर्दूच्या संदर्भात

प्रस्तावना

सुरुवातीच्या स्मार्टफोनच्या उणिवा सांगताना मंद इंटरनेट, लहान पडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी यांचा उल्लेख हमखास होतो. या उणिवा सर्वांच्याच वाट्याला आल्या. मराठी व उर्दू लिहिणाऱ्यांपुढे मात्र आणखी एक अडचण होती. हाती आलेल्या यंत्राला त्यांची लिपीच नीट येत नव्हती.

इंदूरच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. होळकरांच्या काळापासून येथे मराठी नांदत आहे. २००१ मध्ये ७४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. राहत इंदौरी (१९५०-२०२०) यांनी मुशायऱ्यांतून शहराचे नाव दूरवर नेले. तरीही येथील बाजाराची व कार्यालयांची भाषा हिंदी आहे. अशा शहरात मराठी-उर्दू लिहिण्याचा रोजचा सराव बराचसा घरगुती पत्रव्यवहारावर अवलंबून असतो, आणि नेमका तोच मोबाइलवर गेला. त्यातून काय घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. लघुसंदेशाचे गणित

एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरांची मर्यादा आली. देवनागरी व उर्दूच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. त्यामुळे ही मर्यादा ७० वर येते.

देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलंत ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘विद्यार्थ्यांना’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, पण फोन १५ चिन्हे मोजतो. एका संदेशात असे चारच शब्द मावतात. तोच शब्द रोमनमध्ये १३ अक्षरांत लिहिला तर अकरा वेळा मावतो. संदेश लांबला की तो दोन भागांत जाई आणि पैसेही दोन संदेशांचे पडत.

उर्दूचे गणित वेगळे आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. ‘मुहब्बत’ हा शब्द मीम, हे, बे, ते या चार अक्षरांत पुरा होतो. रोमनमध्ये त्याला आठ अक्षरे लागतात. म्हणजे एका संदेशात हा शब्द उर्दूत चौदा वेळा व रोमनमध्ये सतरा वेळा मावतो. फरक फारसा नाही. मराठीला संदेशाच्या लांबीचा जसा फटका बसला, तसा उर्दूला बसला नाही. उर्दूची अडचण पडद्यावर होती.

२. पडद्यावरची अक्षरे

देवनागरी व उर्दू या दोन्ही लिप्यांत अक्षरे नुसती एकापुढे एक मांडून चालत नाही. ‘कि’ साठवताना आधी क व नंतर वेलांटी येते, पण दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. उर्दूत शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी अक्षराचे रूप बदलते. ही जुळणी करणारी प्रणाली आणि योग्य फॉन्ट फोनमध्ये नसेल, तर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरे फुटतात, किंवा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. अँड्रॉइडच्या २.२ व २.३ आवृत्त्यांच्या कित्येक हँडसेटवर असेच होत असे. याउलट नोकियाच्या काही साध्या हँडसेटमध्ये हिंदी मेन्यू होता. महाग फोनला जे येत नव्हते, ते स्वस्त फोनला येत होते.

नस्तालीक शैली आणखी कठीण. तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरतो, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ च्या सुमारास मोनोटाइपसाठी नूरी नस्तालीक तयार केली, तेव्हा सुमारे २० हजार जोडरूपे हाताने लिहावी लागली. एवढा पसारा त्या काळच्या फोनच्या स्मृतीत बसवणे सोपे नव्हते. म्हणून जेथे उर्दू दिसे, तेथेही ती बहुधा नस्ख शैलीत दिसे. ती वाचता येते, परंतु नस्तालीकवर वाढलेल्या वाचकाला परकी वाटते.

३. मंद नेटवर्क आणि चित्ररूप मजकूर

आयफोन ३जी भारतात ऑगस्ट २००८ मध्ये विक्रीस आला, परंतु खाजगी कंपन्यांची ३जी सेवा २०१० च्या लिलावानंतरच सुरू झाली. तोवर बहुतेकांची भिस्त जीपीआरएस व एजवर होती.

सेकंदाला ४० किलोबिट वेग धरला, तर एक मेगाबाइटचे चित्र उतरण्यास सुमारे २०० सेकंद लागतात. हजार शब्दांचा उर्दू मजकूर युनिकोडमध्ये साधारण १० किलोबाइटचा होतो आणि तो दोन सेकंदांत येतो. परंतु अनेक उर्दू वृत्तपत्रे इनपेजमध्ये जुळवली जात. त्यातील मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने संकेतस्थळावर पानाचे चित्रच टाकले जाई. कित्येक मराठी संकेतस्थळांचे स्वतःचे फॉन्ट होते. ते संगणकावर बसवता येत, फोनवर नाही. नेटवर्क मंद होते हे खरे, पण दोन सेकंदांचे काम तीन मिनिटांवर नेले ते मजकूर साठवण्याच्या पद्धतीने.

ऑपेरा मिनी या ब्राउझरने एक तोडगा काढला. त्यातील एक पर्याय निवडल्यास सर्व्हर भारतीय लिपीतील अक्षरांची छोटी चित्रे करून पाठवीत असे. वाचनाची सोय झाली, लेखनाची नाही.

४. रोमन लेखनाची किंमत

या सर्वांमुळे रोमनमध्ये लिहिणे सोयीचे ठरले. सोय झाली, पण भेद पुसले गेले. मराठीतील ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रोमनमध्ये दोन्ही एकच. काल, काळ, कल, कळ या चारही शब्दांचे रोमन रूप एकसारखेच होते. उर्दूत ज़ोय घालून लिहिलेली ‘नज़र’ म्हणजे दृष्टी, तर ज़ाल घालून लिहिलेली ‘नज़्र’ म्हणजे भेट. रोमनमध्ये दोन्हींसाठी ‘झेड’ हे एकच अक्षर उरते, आणि त्यासोबत शब्दाचे मूळही दिसेनासे होते.

इंदूरमध्ये दोन्ही भाषांची हानी सारखी नाही. येथील मराठी मूल हिंदी शाळेत देवनागरी शिकतेच. त्याच्या नजरेआड होतो तो ‘ळ’. ज्या घराण्याने हे शहर घडवले, त्याचे नावही हिंदीत ‘होलकर’ असे लिहिले जाते. उर्दू भाषक मुलाच्या बाबतीत मात्र अख्खी लिपीच हातातून जाते. त्याला शेर तोंडपाठ असतो, पण तो वाचतो देवनागरीत किंवा रोमनमध्ये.

५. सुधारणा आणि शिल्लक प्रश्न

यंत्रातील बहुतेक दोष पुढे दूर झाले. अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीच्या काळात देवनागरीची मांडणी सुधारली. गुगलने २०१४ मध्ये नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट दिला. ॲपलने २०१७ च्या आयओएस ११ मध्ये उर्दूसाठी नस्तालीक आणली. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात, असा आदेश केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला व २०१८ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली.

सवय मात्र मागे राहिली. ज्या वर्षांत घरचे पत्र संपून संदेश सुरू झाला, त्याच वर्षांत फोनला लिपी येत नव्हती. तेव्हा लागलेले वळण आज कारण उरले नसतानाही चालू आहे. मोडीचे उदाहरण येथे आठवते. होळकर दरबारचे मराठी कागद मोडीत लिहिले जात. छपाईला बाळबोध सोयीची ठरली आणि मोडी मागे पडत गेली. आज ते कागद वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो.

समारोप

प्रारंभीच्या स्मार्टफोनची खरी मर्यादा वेगापेक्षा लिपीची होती, आणि तिचा परिणाम त्या फोनपेक्षा अधिक टिकला, असे वरील विवेचनावरून दिसून येते. त्यावरील उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. पहिल्या वर्षाच्या वर्गात एक तास देऊन प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर मराठी व उर्दू कळफलक सुरू करून द्यावा. मराठीसाठी हिंदीचा कळफलक चालवून घेऊ नये. वर्गाच्या सूचना त्या त्या लिपीत पाठवाव्यात, उत्तरेही त्याच लिपीत मागवावीत. पालकांनी मुलांना रोज एक संदेश आपल्या लिपीत लिहिला, तरी पूर्वी पत्रांतून होणारा सराव पुन्हा सुरू होईल.