कारागृहांतील योहानाचा प्रश्न

येशूविषयीं शंका घेणारांत त्याच्या वैऱ्यांप्रमाणें त्याचे चाहतेहि होते. त्यांत अग्रगण्य म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. यार्देन नदीच्या कांठीं येणाऱ्या अभिषिक्ताची वर्दी यानेंच दिली होती. त्याच्या मनांतील चित्र मोठें उग्र होतें: झाडाच्या मुळाशीं टेकलेली कुऱ्हाड, खळ्यांतील उफणणी आणि भुसा जाळणारा अग्नि. रोमन सत्तेखालीं पिचलेल्या लोकांस असाच न्यायाधीश हवा होता, यांत नवल तें काय?

पुढें हेरोद अंतिपानें योहानास कैदेंत टाकिलें. यहुदी इतिहासकार योसेफस त्या किल्ल्याचें नांव माखैरूस असें देतो. मृतसमुद्राच्या पूर्वेस त्याचे अवशेष आजहि आहेत. येशू आजाऱ्यांस बरें करितो, जकातदारांच्या पंक्तीस बसतो, अशा वार्ता तेथें पोंचत. कुऱ्हाड मात्र कोठेंच चालेना! तेव्हां ज्याची वाट पाहिली तो हाच, कीं दुसरा कोणी यावयाचा आहे, असें योहानानें शिष्यांकरवीं विचारविलें.

येशूनें सरळ उत्तर दिलें नाहीं. आंधळ्यांस दृष्टि येते, पांगळे चालतात, गरिबांस शुभवर्तमान मिळतें, हें पाहून जाऊन सांगा, एवढाच त्याचा निरोप. त्यांतील बराच भाग यशयाच्या ग्रंथाची आठवण देणारा आहे. परंतु त्याच ग्रंथांत बंदिवानांच्या सुटकेचेंहि वचन आहे, आणि लूकच्या वृत्तांताप्रमाणें येशूनें तें नाझरेथच्या सभास्थानांत वाचून दाखविलें होतें. बंदिवान योहानास धाडिलेल्या निरोपांत नेमकें तेंच नाहीं. योहान सुटला नाहीं. त्याचा शिरच्छेद झाला. तथापि दूत माघारी वळतांच येशूनें लोकांपुढें त्याची थोरवीच गाइली, हें श्रोत्यांनीं विसरूं नये. प्रश्न विचारणारा येथें पतित ठरला नाहीं.

अपेक्षेस तारीख चिकटली म्हणजे निराशा अधिक कडू होते. अमेरिकेंतील विल्यम मिलर या शेतकऱ्यानें दानिएलाच्या ग्रंथांतील २३०० दिवसांवरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा काळ काढिला. त्याच्या अनुयायांनीं अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरिला. कित्येकांनीं शेतांतील बटाटेहि काढिले नाहींत. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. पुष्कळ जण पांगले. कांहींनीं तारीख खरी, पण घटना स्वर्गांत घडली, असा अर्थ लाविला; त्यांच्यांतूनच १८६३ सालीं सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची. मिलरनें आपल्या गणितांतील चूक कबूल केली, आगमनाची आशा मात्र सोडिली नाहीं. १८४९ सालीं तो वारला.