गोरिलांची शिरगणती

1989 साली काही बायका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चित्रं मोजत फिरल्या. भिंतीवरची किती चित्रं बायकांनी काढलेली आणि किती चित्रांत बाई विवस्त्र, एवढंच त्यांना हवं होतं. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलावंत 5 टक्क्यांहूनही कमी निघाल्या. नग्नचित्रांत मात्र 85 टक्के देह स्त्रियांचे होते. हे दोन आकडे त्यांनी पिवळ्याधमक भित्तिपत्रकावर छापले. शेजारी फ्रेंच चित्रकार अँग्रची पाठमोरी पहुडलेली प्रसिद्ध नग्निका घेतली आणि तिच्या डोक्यावर गोरिलाचा मुखवटा चढवला. वर प्रश्न होता: या म्युझियममध्ये शिरायचं तर बाईनं नागडंच व्हायला हवं का?

या बायका म्हणजे ‘गुरिल्ला गर्ल्स’. हे पत्रक खरं तर पब्लिक आर्ट फंड या संस्थेच्या जाहिरात-फलकासाठी केलेलं होतं. संस्थेनं ते नाकारलं. मग गटानं स्वतःच्या खर्चानं शहरातल्या बसगाड्यांवर जागा भाड्यानं घेतली, तर थोड्याच काळात बस कंपनीनं चित्र अश्लील वाटतं म्हणून करार मोडला. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्हरमध्ये मानानं टांगलेलं आहे. तेच शरीर बसवर आलं, त्याला प्रश्न चिकटला आणि ते अश्लील ठरलं. पत्रकाचा मुद्दा याहून स्पष्ट कुणी सिद्ध केला नसता.

गटाची सुरुवात 1985ची. आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं जगभरातल्या समकालीन चित्र-शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरवलं. दीडशेहून जास्त कलावंतांत स्त्रिया होत्या अवघ्या 13. बाहेर स्त्री-कलावंतांनी निदर्शनं केली, पण लोक त्यांना ओलांडून आत गेले. जुन्या पद्धतीच्या घोषणांनी काही होत नाही, हे तिथंच काहींच्या लक्षात आलं. मग रात्री सोहो भागातल्या भिंतींवर पत्रकं लागू लागली. कुठल्या गॅलऱ्या बायकांची कामं दाखवत नाहीत, कुठले नामांकित चित्रकार अशाच गॅलऱ्यांत आपली चित्रं लावू देतात, सगळं नावानिशी. एका पत्रकात चार मोठ्या म्युझियमांनी वर्षभरात स्त्रियांची किती एकल प्रदर्शनं भरवली ते होतं: गुगेनहाइम 0, मेट्रोपॉलिटन 0, व्हिटनी 0, मॉडर्न 1.

नावं उघड केली असती तर या बायकांचं काम कुठल्याच गॅलरीनं घेतलं नसतं. म्हणून चेहऱ्यांवर गोरिलाचे मुखवटे आले, आणि सदस्यांनी दिवंगत स्त्री-कलावंतांची नावं धारण केली. कुणी फ्रीडा काहलो झाली, कुणी केथे कोलवित्झ. मुलाखत छापून आली की त्या विस्मरणात ढकललेल्या बाईचं नावही छापून यायचं. मला ही युक्ती त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत सुंदर वाटते.

वर्णाचा प्रश्नही त्यांनी लवकर हाती घेतला. 1986च्या एका पत्रकानं सांगितलं, की न्यूयॉर्कमधल्या फक्त चार व्यावसायिक गॅलऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची कामं दाखवतात, आणि त्यातलीही एकच एकीहून अधिक जणींची. 1989च्या दुसऱ्या पत्रकात बाजाराचा हिशेब होता: अमेरिकी चित्रकार जास्पर जॉन्सच्या एका चित्राला मोजलेल्या 1 कोटी 77 लाख डॉलरमध्ये कितीतरी स्त्रियांचं आणि गोरेतर कलावंतांचं प्रत्येकी एकेक काम विकत घेता आलं असतं. खाली नावांची लांबलचक यादी. तरी गटात प्राबल्य गोऱ्या स्त्रियांचंच राहिलं, अशी टीका सतत झाली आणि ती रास्त आहे. ज्या समाजाला शतकानुशतकं माकड म्हणून हिणवलं गेलं, त्यातल्या बाईला गोरिलाचा मुखवटा चढवणं किती जड जात असेल, याचा विचार आधीच व्हायला हवा होता.

2012मध्ये मेट्रोपॉलिटनची मोजणी पुन्हा झाली. विवस्त्र स्त्रियांचं प्रमाण 76 टक्क्यांवर उतरलं होतं, स्त्री-कलावंतांचं मात्र 4 टक्क्यांच्याही खालीच होतं. दरम्यान ब्रिटनमधल्या टेटसारख्या कलासंस्थांनी हीच पत्रकं आपल्या संग्रहात दाखल करून घेतली. गटानं त्यामुळे धार कमी केली नाही. 2016मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीनं बोलावलं, तेव्हा त्यांनी युरोपातल्या 383 कलासंस्थांच्या संचालकांना प्रश्नावली पाठवली: संग्रहात स्त्रिया किती, युरोपबाहेरचे कलावंत किती? जेमतेम चौथ्या हिश्श्यानं उत्तरं दिली. तेवढंच मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी गॅलरीच्या दर्शनी भिंतीवर फलक लावला आणि आलेली उत्तरं आत प्रदर्शनात मांडली.