अग्निबाण आणि ‘पुनर्वापर’

‘रॉकेट’साठी मराठीत ‘अग्निबाण’ हा शब्द रूढ झाला. सुटलेला बाण परत येत नाही, हे त्या शब्दात गृहीतच आहे. २०१५च्या नोव्हेंबरात ब्लू ओरिजिनने व डिसेंबरात स्पेसएक्सने आपापला बाण उभाच्या उभा परत उतरविला आणि ते गृहीत ढासळले. पहिल्याने केवळ अंतराळाची सीमा गाठली होती. दुसरा उपग्रह कक्षेत नेणाऱ्या वाहनाचा पहिला टप्पा होता. दोहोंस एकाच मापाने मोजणे युक्त नव्हे. २०१७च्या मार्चमध्ये स्पेसएक्सने वापरलेला टप्पा पुन्हा उडविला. त्या वाहनाचा दुसरा टप्पा मात्र परत मिळत नाही. तेव्हा पुनर्वापर कशाचा, हे सांगितलेच पाहिजे.

पालघर-बोईसरच्या विद्यार्थ्यांस हा भेद तारापूरवरून सहज उमगेल. अणुभट्टीत वापरलेले इंधन तेथे नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढण्यात आले. कांडीचे कांडीपण उरले नाही. ही पुनःप्रक्रिया होय. अग्निबाणाचा टप्पा तोच राहतो, तपासून पुन्हा उडतो, हा पुनर्वापर. तेथे मोल द्रव्याचे, येथे घडणीचे. इंधन त्या मानाने स्वस्तच.

‘बाण’ टाकावा, असे मात्र मला वाटत नाही. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने मे २०२४ मध्ये उडविलेल्या चाचणीयानाचे नावही ‘अग्निबाण’च आहे.