फॉरमॅट मारण्याआधी

सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बसत नाही म्हटलं की पनवेलपासून वाशीपर्यंतच्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: फॉरमॅट मार. मग रात्रभर बसून उबंटू नव्याने टाकलं जातं, त्याच पायऱ्या त्याच क्रमाने केल्या जातात आणि पहाटे तीच एरर त्याच जागी पुन्हा उभी राहते. सबमिशन तोंडावर असतं, गटातले चौघे एकमेकांवर चिडलेले असतात आणि 'आपल्याला हे जमत नाही' हा समज पक्का होतो. मला या समजाचाच खरा राग येतो. कारण बहुतेक वेळा त्या मुलाचं काहीच चुकलेलं नसतं, लॅपटॉपही धडधाकट असतो. बिघाड असतो तो सॉफ्टवेअर लिहिलं गेलं तो काळ आणि आपल्या मशीनवरची अवजारं यांच्या मेळात. तो मेळ कुठे तुटला, हे स्क्रीनवर बहुधा लिहिलेलंच असतं.

'माझ्याच लॅपटॉपवर एरर येते'

याचं सर्वांत बोलकं उदाहरण एनएस-२ हे नेटवर्क सिम्युलेटर. कॉम्प्युटर नेटवर्कच्या प्रॅक्टिकलमुळे मुलं त्याला चांगलं ओळखतात. त्याचं २.३५ हे ऑल-इन-वन पॅकेज नोव्हेंबर २०११ मध्ये आलं. आजच्या उबंटूवर ते बांधायला घेतलं की लिंकस्टेट फोल्डरातल्या 'एलएस डॉट एच' या फाइलच्या १३७ व्या ओळीवर गाडी अडते. 'इरेज' हे नाव इथे जाहीर केलेलं नाही, अशी कम्पायलरची तक्रार असते.

झालं असं, की पॅकेज आल्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च २०१२ मध्ये, जीसीसी या कम्पायलरची ४.७ ही आवृत्ती आली. टेम्प्लेटमध्ये वापरलेलं नाव नेमकं कुठे शोधायचं, याचा सी-प्लस-प्लस भाषेचा नियम आधीपासून होता. जीसीसी तो सैलपणे पाळत असे. ४.७ पासून तो काटेकोरपणे पाळला जाऊ लागला. 'इरेज' हे मूळ क्लासमधलं फंक्शन आहे, पण टेम्प्लेटच्या आत नुसतं नाव घेतलं तर कम्पायलर ते मूळ क्लासमध्ये शोधायला जात नाही. म्हणून त्या ओळीत 'इरेज'च्या आधी 'धिस' आणि बाण जोडायचा, म्हणजे 'हे फंक्शन याच ऑब्जेक्टचं आहे' असं स्पष्ट सांगायचं. एका शब्दाची दुरुस्ती. फॉरमॅट मारून हा दोष कसा जाईल? नव्या उबंटूबरोबर कम्पायलर नवाच येतो आणि २०११ ची फाइल तशीच राहते.

असंच पुढेही होत गेलं. जीसीसी ६ पासून कम्पायलर न सांगता सी-प्लस-प्लस १४ धरून चालू लागला आणि जीसीसी ११ पासून १७. जुन्या कोडमधल्या काही रचना १७ मध्ये भाषेतूनच काढून टाकल्या आहेत. अशा वेळी कोड बदलत बसण्यापेक्षा 'जुन्या मानकाने वाच' असा पर्याय कम्पायलरला दिला तरी पुष्कळदा काम भागतं.

'शेवटी लाल अक्षरात येते ती एरर'

मदत मागताना मुलं स्क्रीनच्या तळाचा फोटो पाठवतात. त्यात असतं: मेक, तीन तारे, एरर २. या ओळीचा अर्थ एवढाच, की मेक या प्रोग्रामने ज्याला कामाला लावलं होतं तो अपयशी ठरला. कारण असतं वर, कधी चारशे ओळी वर. वाचायची ती पहिली एरर. खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात. म्हणून मेकचं सगळं बोलणं एका फाइलमध्ये साठवावं आणि त्यात 'एरर' हा शब्द वरून शोधत यावं. एकाच वेळी अनेक फाइली कम्पाइल होत असतील तर त्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात, तेव्हा काम एकेरी करून पुन्हा चालवावं म्हणजे क्रम सरळ दिसतो.

पहिली ओळ सापडली की ती कोणत्या टप्प्यावरची आहे ते बघायचं. 'नो सच फाइल' म्हणत डॉट-एच फाइलचं नाव आलं तर हेडर नाही. लायब्ररी बसवलेली असेलही, पण उबंटूवर हेडर वेगळ्या, शेवटी 'डेव्ह' लावलेल्या पॅकेजमध्ये असतात. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आलं तर कम्पाइल पार पडलंय, लिंकर अडलाय; लायब्ररी सांगितलेली नाही किंवा तिचा क्रम चुकलाय. 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' हे तर प्रोग्राम बांधून झाल्यावर, चालवतानाचं दुखणं. तिन्हींवर उपाय वेगळे, आणि तिन्हींना सरसकट 'इन्स्टॉल होत नाही' म्हटलं की उपायच सुचत नाही.

एक संदेश मात्र फार फसवतो: 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी-वन-प्लस'. मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात, पण कोडला काहीही झालेलं नसतं. मेमरी संपली, म्हणून लिनक्सने कम्पायलरलाच मारून टाकलं. यूट्यूबवर पाहून 'मेक'पुढे आठ-आठ कामं एकदम लावली आणि लॅपटॉपची रॅम आठ जीबी असली की हे सहज होऊ शकतं. विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल २ वर काम करत असाल तर लिनक्सच्या वाट्याला, वेगळं ठरवून दिलं नसेल तर, साधारण अर्धीच मेमरी येते. म्हणजे आठातली चार. कामं दोनवर आणा. वेळ जास्त लागेल, पण पार पडेल.

'लेटेस्ट टाका, सगळं चालेल'

पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम घ्या. सर्किटच्या सिम्युलेशनसाठीचं हे मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर. आधी त्याचं नाव ऑस्कॅड होतं. ते एकसंध नाही. सर्किट काढायचं काम किकॅड करतं, गणित एनजी-स्पाइस करतं, डिजिटल भागासाठी जीएचडीएल आणि व्हेरिलेटर असतात. यातलं एक जरी आपल्या मनाने पुढच्या आवृत्तीला नेलं तरी साखळी तुटू शकते. किकॅड ६ डिसेंबर २०२१ मध्ये आलं आणि सर्किटच्या फाइलचा प्रकारच बदलला. तेव्हा ई-सिमच्या सूचनांत जी आवृत्ती सांगितली असेल तीच घ्यायची, तिच्यापेक्षा नवी नाही.

याच आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी आवाजातही आहेत. ते सुरू होताना निवेदक सांगतो, की या धड्यासाठी उबंटूची अमुक आणि सॉफ्टवेअरची तमुक आवृत्ती वापरली आहे. मुलं नेमकं तेवढंच पुढे ढकलून खरा धडा शोधतात. माझ्या मते संपूर्ण धड्यात ते वाक्य सर्वांत महत्त्वाचं. तुमची आवृत्ती वेगळी असेल तर पुढचं प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडणार, हे तिथेच कळतं.

नावावरूनही फसगत होते. एनएस-३ ही एनएस-२ ची पुढची आवृत्ती नव्हे. २००८ मध्ये पहिल्यांदा आलेलं ते स्वतंत्र सिम्युलेटर आहे आणि एनएस-२ च्या टीसीएल स्क्रिप्ट त्यावर चालत नाहीत. ओपनफोम या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या तर दोन वेगळ्या शाखा आहेत. फाउंडेशनची शाखा साधे क्रमांक देते आणि ओपनसीएफडीची शाखा वर्ष-महिन्याचे, जसं २३१२. एकीची सूचना दुसरीवर वापरली की पर्यायांची नावंच जुळत नाहीत.

'विंडोजवर होत नाही, मॅकवर आपोआप होतं'

दोन्ही अर्धसत्यं. डब्ल्यूएसएल २०१६ मध्ये आलं आणि त्याच्या दुसऱ्या पिढीत तर खरा लिनक्स कर्नल चालतो. त्यामुळे ड्युअल बूट करून पार्टिशन गमावण्याची जोखीम आता बहुतेकांना घ्यावी लागत नाही. फक्त बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं आणि सोर्स कोड लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवायला हवा. सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून बांधायला गेलं तर वेग फारच पडतो.

विंडोजवरच्या अडचणींचं मूळ बरेचदा फोल्डरच्या नावात असतं. युजरच्या नावात आणि आडनावात मोकळी जागा, डेस्कटॉप वनड्राइव्हच्या पोटात, वर 'न्यू फोल्डर'. जीएनयू मेक मोकळ्या जागेवर नाव तोडून त्याचे दोन तुकडे करतो आणि दोन्ही तुकडे त्याला सापडत नाहीत. म्हणून प्रोजेक्ट ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या, सलग, इंग्रजी अक्षरांच्या फोल्डरात ठेवावा. विंडोजच्या एडिटरमध्ये जतन केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून नाकारली जाते, तिथे ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारं जादा अक्षर चिकटलेलं असतं. 'डॉस-टू-युनिक्स' ही छोटी आज्ञा ते काढून टाकते.

मॅकचं प्रकरण वेगळं. तिथे टर्मिनलमध्ये जीसीसी लिहिलं तरी उत्तर देतो अॅपलचा क्लँग, आणि तो समांतर प्रोग्रामिंगसाठीच्या ओपनएमपीचा नेहमीचा पर्याय ओळखत नाही. त्यासाठीची लायब्ररी होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून वेगळी घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२० पासूनच्या एम मालिकेच्या मॅकवर होमब्रू 'ऑप्ट'खालच्या फोल्डरात बसतं, जुन्या इंटेल मॅकवर 'यूएसआर-लोकल'मध्ये. जुन्या सूचनांतला पाथ जसाच्या तसा उतरवला की लायब्ररी असूनही सापडत नाही. शिवाय २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचं मूळ शेल झेड-शेल आहे. बॅश-आरसीमध्ये लिहिलेल्या ओळी ते वाचतच नाही.

पाथच्याच घराण्यातली एरर वाहतुकीच्या सिम्युलेशनमध्ये भेटते. सुमो हे जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संशोधन केंद्राने २००१ पासून वाढवलेलं खुलं सॉफ्टवेअर. त्याच्या पायथन स्क्रिप्ट चालवल्या की 'सुमो-होम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जाहीर करा' असं सांगून त्या थांबतात. इतकी सरळ एरर विरळाच. तरीही मुलं सुमो काढून पुन्हा बसवतात. विंडोजवर व्हेरिएबल दिल्यावर आधीच उघडं असलेलं टर्मिनल बंद करून नवं उघडावं लागतं, एवढंच अनेकदा राहून गेलेलं असतं.

'सुडो लाव, होऊन जाईल' हा सल्ला मात्र मी कुणालाही देणार नाही. सुडोने मेक केलं की तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी आपल्याच फोल्डरात आपल्याला परवानगी नाकारली जाते. वर आपण ठरवलेले पाथ सुडो बहुधा पुढे नेतच नाही. पायथनची पॅकेजं हवी असतील तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. अॅनाकोंडा चालू असेल तर सिम्युलेटर बांधताना तो बंद ठेवा, कारण त्याच्या स्वतःच्या लायब्ररी मध्ये येतात आणि 'जीएलआयबीसीएक्सएक्सची अमुक आवृत्ती नाही' अशी एरर पुढे येते.

'बसलं, चाललं, म्हणजे उत्तर बरोबर'

हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज, कारण इथे एरर येतच नाही.

समजा कळंबोली सर्कलची कोंडी अभ्यासायची आहे. सायन-पनवेल महामार्ग, पुण्याचा द्रुतगती मार्ग, मुंब्र्याकडचा रस्ता आणि जेएनपीटीकडे जाणारे ट्रेलर, सगळे तिथे येऊन भिडतात. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा उतरवला, सुमोच्या नेटकन्व्हर्टने त्याचं जाळं बनवलं, सिम्युलेशन सुरू झालं. स्क्रीनवर गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतायत. जर्मनीत तेच बरोबर आहे. आपल्याकडे 'लेफ्टहँड' हा पर्याय द्यावा लागतो. वेब विझार्डमध्ये त्यासाठी टिक करायची चौकट आहे. ती राहिली तर वळणाऱ्या गाड्यांचे छेद उलटतात, आणि प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, सुमो मूळ मांडणीत एका लेनमध्ये एका रुंदीला एकच गाडी धरतं. आपल्या रस्त्यावर ट्रकच्या बगलेतून दोन बाइक आणि एक रिक्षा पुढे सरकतात. त्यासाठी सबलेन मॉडेल चालू करायचं, म्हणजे 'लॅटरल रेझोल्यूशन'ला मीटरमध्ये आकडा द्यायचा. तो दिला नाही तर रांगेची लांबी आपल्याकडच्या रांगेशी जुळत नाही.

आणि गटातल्या एकाचं उत्तर लिनक्सवर वेगळं, दुसऱ्याचं मॅकवर वेगळं आलं तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. सुमो यादृच्छिक आकड्यांसाठी न सांगता २३४२३ हे ठरलेलं बीज वापरतं, म्हणून एकाच मशीनवर उत्तर तेच येत राहतं. पण एका बीजाचं उत्तर म्हणजे एकाच दिवसाची वाहतूक. निष्कर्ष काढायचा तर अनेक बीजांवर चालवून सरासरी आणि फरक दोन्ही मांडायला हवेत. तुम्ही स्वतः सी-प्लस-प्लसमध्ये सिम्युलेशन लिहिलं असेल तर आणखी एक मेख आहे. भाषेच्या मानकात यादृच्छिक आकडे काढणारं मर्सेन ट्विस्टर पक्कं ठरलेलं आहे, पण त्यातून नॉर्मल वितरणाचे आकडे कसे काढायचे ते प्रत्येक लायब्ररीवर सोडलेलं आहे. लिनक्सची लायब्ररी आणि मॅकची लायब्ररी ते वेगवेगळ्या रीतीने करतात. बीज एकच देऊनही आकडे निराळे येतात, आणि दोघांचंही काही चुकलेलं नसतं. त्यामुळे अहवालात उत्तराच्या शेजारी ऑपरेटिंग सिस्टिम, कम्पायलरची आवृत्ती आणि बीज हे तिन्ही लिहा, म्हणजे व्हायवाला परीक्षकाने आपल्या मशीनवर चालवून पाहिलं तरी फरक कुठून आला ते तुम्हाला दाखवता येईल.