पासचे पैसे जातात कुठे?

नॅशनल पार्कचा वार्षिक पास खिशात असलेले लोक बोरिवली-कांदिवलीत बिल्डिंगगणिक भेटतील. पण ‘या पैशाचं पुढे काय होतं?’ असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘जंगलासाठीच वापरत असतील ना!’ खरंच तसं असतं का?

बोरिवली पूर्वेला हायवेला लागून असलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मेन गेट पहाटेच गजबजतं. निवृत्त काका, गुडघे सांभाळत चालणाऱ्या काकू, मॅरेथॉनची तयारी करणारी पोरं आणि परीक्षा संपल्यावर वजन कमी करायचा निश्चय केलेले कॉलेजवाले. यातल्या रोजच्या मंडळींकडे पास असतो. ऊन वर आलं की तिकीटवाल्यांची गर्दी सुरू होते. आत शिरायचं तिकीट वेगळं, सफारीचं वेगळं, बोटिंगचं वेगळं. दर अधूनमधून वाढतात आणि वाढले की व्हॉट्सअॅप ग्रुप तापतात. ‘एवढे पैसे घेतात, मग टॉयलेट असं का?’ दोन दिवस फॉरवर्ड फिरतात, नंतर सगळे गुपचूप पास रिन्यू करतात.

प्रश्न टॉयलेटचा आहेच. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. आपण पैसे नेमके देतो कोणाला?

एक जंगल, तीन तिजोऱ्या

साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल एकसंध दिसतं, पण त्यातला कारभार तिघांचा आहे. जंगल राज्याच्या वनविभागाचं. त्यामुळे मेन गेटवरचं तिकीट आणि पास, हा पैसा राज्याचा. तिथून आत कान्हेरीला गेलात की पुन्हा रांग आणि पुन्हा तिकीट. शंभरहून अधिक लेण्यांचा हा समूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे, म्हणजे तो पैसा केंद्राचा. आणि याच जंगलाच्या कुशीत असलेले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव मुंबई महापालिकेचे. त्यांचं पाणी आपल्या नळाला येतं आणि त्याची पाणीपट्टी पालिकेकडे जाते.

म्हणजे रविवारी कान्हेरीला जाऊन आलेल्या ग्रुपने एकाच सकाळी दोन सरकारांना पैसे दिलेले असतात. कान्हेरीतल्या तुटक्या पायरीसाठी गेटवरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालून उपयोग नाही, तो त्याच्या खात्याचा विषयच नाही.

गेटवरून कोषागारात

आता राज्याच्या हिश्शाचं बघू. राज्यघटनेच्या कलम २६६ प्रमाणे राज्य सरकारला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. सरकारी हिशेबात वनखात्याच्या जमेला ०४०६ हा क्रमांक आहे आणि खर्चाला २४०६. दोन्ही आकडे बजेटच्या पुस्तकांत असतात, पण त्यांची एकमेकांशी गाठ बांधलेली नसते. गेटवर जास्त पैसे जमले म्हणून उद्यानाला आपोआप जास्त मिळतील, असं नाही.

घरातला मुलगा पहिला पगार आईच्या हातात ठेवतो आणि नंतर लोकलच्या पाससाठी तिच्याकडेच पैसे मागतो. साधारण तसंच. आई देते, पण किती द्यायचे हे घरातल्या बाकीच्या खर्चावर ठरतं.

ऐकायला अन्याय वाटतो, पण यामागे विचार आहे. मुंबईच्या नॅशनल पार्कला वर्षाला २० लाखांच्या घरात लोक येतात, असं नेहमी सांगितलं जातं. राज्यात अशीही अभयारण्यं आहेत जिथे पर्यटक फारसे फिरकत नाहीत. जिथे गर्दी तिथेच पैसा, असा नियम केला तर त्या जंगलांनी काय करायचं? शिवाय खर्चाला विधिमंडळाची मंजुरी आणि नंतर महालेखापरीक्षकांची तपासणी असली की मनमानीला थोडा तरी लगाम बसतो.

ताडोबाची वेगळी वाट

मग गेटचा पैसा गेटपाशीच ठेवायची सोय नाहीच का? आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं स्थापन करायची तरतूद आली. प्रवेश शुल्काचा पैसा त्याच प्रकल्पासाठी पुन्हा वापरता यावा, हा त्यामागचा एक हेतू. चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारीत असं प्रतिष्ठान आहे. आपल्या नॅशनल पार्कच्या सफारीत वाघ दिसतो, पण हा व्याघ्र प्रकल्प नव्हे. त्यामुळे ही तरतूद इथे लागू होत नाही.

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने आणखी स्पष्ट आकडा घातला आहे. राष्ट्रीय उद्यानं आणि इतर केंद्रीय सार्वजनिक जमिनींवर जमा झालेल्या शुल्कातला किमान ८० टक्के वाटा, सर्वसाधारणपणे, जिथे जमला तिथेच ठेवायचा.

म्हणजे पैसा जागेवर राहिला की काम झालं? तेवढं सोपं नाही. ताडोबाच्या सफारीचं ऑनलाइन बुकिंग ज्या कंपनीकडे होतं, तिने तीन वर्षांत सुमारे १२ कोटी रुपये प्रतिष्ठानाकडे भरलेच नाहीत, असा आरोप झाला आणि २०२३ मध्ये चंद्रपुरात गुन्हा दाखल झाला. पैसा मुंबईला पाठवा नाहीतर चंद्रपुरात ठेवा, हिशेबाकडे बघणारं कोणी नसेल तर दोन्ही सारखंच.

बाक हवा की बॅटरी?

समजा, उद्या ठरलं की आपल्या पासचा प्रत्येक रुपया पार्कातच खर्च होणार. तो कशावर व्हावा? वॉकर्सना विचारा. गुळगुळीत रस्ता, दिवे, बाक, पिण्याचं पाणी, स्वच्छ टॉयलेट. यातलं काहीच चुकीचं नाही. पण आपण चालतो तो पट्टा म्हणजे जंगलाचा दर्शनी भाग. त्याच्या मागे जे आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्या यादीत येत नाही.

तिथे उन्हाळ्याआधी जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा साफ करायचा. रात्रीची गस्त असते, आणि त्यासाठी चांगली बॅटरी अन् मजबूत बूट लागतात. मुलुंडमध्ये किंवा आरेत बिबट्या दिसला की धावणारी रेस्क्यू टीम असते. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे मोजले गेले होते. चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेल्या जंगलात एवढे बिबटे राहतात आणि आपण त्यांच्या दारात जॉगिंग करतो. ते शक्य होतं कारण कोणीतरी रात्री जागं असतं.

शिवाय आत नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा यांसारखे आदिवासी पाडे आहेत. ही माणसं गेट बसवलं त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. शुल्काच्या चर्चेत वॉकर्सचा आवाज असतो, पाड्यांचा क्वचितच. आणि हायवेपलीकडच्या चाळीतल्या ज्या कुटुंबाला चौघांचं तिकीट जड जातं, ते तर चर्चेत नसतंच, कारण ते गेटपर्यंत येतच नाही. दर ठरवताना ‘किती खर्च होतो’ एवढंच बघून चालत नाही, ‘कोण बाहेर राहतं’ हेही बघावं लागतं.

मोठा पैसा तर गेटवर येतच नाही. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड असे दोन जोडबोगदे या उद्यानाच्या खालून जाणार आहेत. प्रकल्पांसाठी वनजमीन वळवली की भरपाई भरावी लागते. तो पैसा २०१६ च्या कायद्याप्रमाणे वेगळ्या निधीत जातो आणि त्यातला ९० टक्के राज्याकडे येतो. त्यातून आपल्या जंगलाच्या वाट्याला काय आलं, हेही पासइतक्याच हक्काने विचारता येतं.

मग आपण काय करायचं?

ग्रुपवर चिडण्यापेक्षा दहा रुपये खर्च करा. २००५ चा माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

• अर्ज उद्यानाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने करा. ऑनलाइन करता येतो किंवा साध्या कागदावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून देता येतो.

• महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘का’ विचारू नका, ‘किती’ आणि ‘कुठे’ विचारा.

• नमुना प्रश्न : गेल्या तीन आर्थिक वर्षांत वार्षिक पास आणि प्रवेश तिकिटांतून किती रक्कम जमा झाली? त्यातली किती कोषागारात भरली आणि किती अन्य समिती किंवा संस्थेच्या खात्यात गेली? त्याच वर्षांत पर्यटक सुविधांवर किती आणि संरक्षण, गस्त, वणवा नियंत्रण यांवर किती खर्च झाला?

• ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

कान्हेरीसाठी असाच अर्ज पुरातत्त्व खात्याकडे करता येईल, फक्त तिथे केंद्राचे नियम लागू होतील. कॉलेजच्या नेचर क्लबने किंवा एनएसएसच्या ग्रुपने दरवर्षी एकदा हे केलं, आलेली उत्तरं एका तक्त्यात मांडली आणि तो तक्ता पास रिन्यू करायच्या दिवसांत वॉकर्सच्या ग्रुपवर टाकला, तर पुढच्या दरवाढीच्या वेळी भांडायला हातात निदान आकडे असतील. आणि आकडे बघून कदाचित एखादा बाक कमी मागून बॅटऱ्या जास्त मागाव्यात, असंही वाटेल.