हाक पोचते, दाद कमी मिळते

सत्तरीतल्या निरोगी माणसाची बसल्या जागी नाडी पाहिली, तर ती तिशीतल्या माणसाच्या नाडीपेक्षा फारशी वेगळी लागत नाही. फरक कळतो तो दमछाक होईल इतके श्रम केल्यावर. तिशीतलं हृदय तेव्हा मिनिटाला सरासरी १८७ ठोक्यांपर्यंत जातं. सत्तरीतलं १५९ च्या आसपास थांबतं.

अ‍ॅड्रेनलिन कमी पडतं म्हणून असं होतं का? नाही. श्रमाच्या वेळी वृद्धांच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन तरुणांपेक्षा जास्तच आढळतात. उणीव आहे ती ऐकणाऱ्यात, म्हणजे हृदयाच्या पेशीत.

ही संप्रेरकं पेशीच्या आत शिरत नाहीत. आवरणावरच्या बीटा ग्राहक प्रथिनाला ती चिकटतात, ते आतल्या जी-प्रथिनाला जागं करतं, जी-प्रथिन एका विकराला कामाला लावतं आणि पेशीच्या आत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी तयार होतं. विज्ञानाला या साखळीचा छडा उलट्या क्रमाने लागला. सायक्लिक एएमपीसाठी सदरलँड यांना १९७१ मध्ये, जी-प्रथिनांसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ मध्ये, तर अशा ग्राहकांवरील कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं.

वयानुसार या ग्राहकांची संख्या घटते, जी-प्रथिनाशी असलेली त्यांची जोडणी सैल होते आणि सायक्लिक एएमपी कमी बनतं. संप्रेरकांचा सततचा माराही याला हातभार लावतो, कारण वारंवार चेतवलेले ग्राहक पेशी स्वतःच निष्प्रभ करते.

मला यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियम मोकळं झाल्यावर, आणि सैल पडतो ते कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढलं गेल्यावर. ओढण्याचं काम सर्का नावाचा प्रथिनपंप करतो. फॉस्फोलॅम्बन हे प्रथिन त्याला आवरून धरतं, आणि सायक्लिक एएमपीचा निरोप आला की पकड ढिली करतं. उतारवयात पंपाचा जोर कमी झालेला असतो, निरोपही क्षीण येतो. त्यामुळे हृदय सैल पडायला वेळ घेतं. विशी ते ऐंशी या काळात जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, सुरुवातीला ज्या वेगाने भरते, तो जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे म्हातारपणाची पहिली खूण हृदयाच्या आकुंचनात नाही, विसाव्यात दिसते.

बाल्टिमोरमध्ये १९५८ पासून निरोगी माणसांच्या वार्धक्याचा दीर्घ अभ्यास सुरू आहे. तिथल्या संशोधकांनी बीटा ग्राहक अडवणारं औषध देऊन तरुणांना सायकल चालवायला लावलं. त्यांची हृदयं बरीचशी वृद्धांसारखी वागू लागली: ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्याआधी हृदय जास्त भरून, ताणून घेतलेलं. वृद्ध हृदय आपली उणीव अशीच भरून काढतं. नियमित व्यायामाने उतारवयातही दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढवता येतं. ठोक्यांची कमाल मर्यादा मात्र वयाबरोबर उतरतच जाते.

रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये वय आणि गोळी दोन्ही याच ग्राहकांवर काम करतात. म्हणून व्यायाम किती झेपतो हे ठरवताना त्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये; चालता चालता बोलता येतंय का, हे पाहावं.